कधीच

अक्षदा वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा पहिला तास संपायला दहा मिनिटं उरली होती आणि माझ्या हातात खडू होता. शनिवार, सकाळची शाळा, दहावी ब. फळ्यावर मी हॅज लिहिलं होतं, थोडी जागा सोडून गॉन लिहिलं होतं आणि मधल्या मोकळ्या जागेभोवती चौकट काढली होती. गेली चोवीस वर्षं मी ही चौकट काढते आहे. जस्ट, ऑलरेडी, एव्हर, नेव्हर, सगळे ह्या चौकटीत बसतात. यट तेवढा वाक्याच्या शेपटाला जातो, तो पहिल्यापासूनच आडमुठा. मुलं वहीत पट्टीने चौकट आखतात आणि चौकट सरळ आली की व्याकरण आलं असं समजतात. माझंही फारसं वेगळं नव्हतं, हे मी आता म्हणू शकते. अक्षदा वरच्या वाडीतली, पोलादपूरच्या मागे घाटाला लागून तिची वाडी आहे, तिथून सकाळी एकच एसटी खाली येते. तिचे पाय धुळीने घोट्याच्या वरपर्यंत भरले होते, म्हणजे चालत आली होती. मला थट्टेची खोड आहे, तिच्याशिवाय दहावी ब चालत नाही. म्हटलं, उशीर का झाला ते इंग्रजीत सांग आणि आत ये. तिने फळ्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं, ओठातल्या ओठात काहीतरी जुळवलं आणि अगदी शिकवल्या उच्चारात म्हणाली, "बाई, द बस हॅज नेव्हर गॉन."

वर्ग हसला. मीही हसले. गेलीच नसेल तर अजून तिथंच उभी असेल, जा, पकड, असंही म्हणाले. वर्ग आणखी हसला. अक्षदा मात्र जागची हलली नाही. तिला गंमत कळली नव्हती असं नाही, पण तिला तिचं उत्तर हवं होतं. "पण बाई, गाडी कदीच गेली," ती म्हणाली. "कदीच म्हंजे नेव्हर. तुमीच लिवून दिलंय." तिने दप्तर गुडघ्यावर टेकवून वही काढली आणि पान उघडून माझ्यासमोर धरलं. माझीच यादी होती. आत्ताच म्हणजे जस्ट, आधीच म्हणजे ऑलरेडी, अजून म्हणजे यट, कधीच म्हणजे नेव्हर. खाली माझी लाल सही, तारखेसकट. मी म्हटलं, अगं, ते नकाराच्या वाक्यात, इथे कधीच म्हणजे फार आधी, केव्हाच, इथे ऑलरेडी येईल. फळ्याकडे वळले, चौकटीत ऑलरेडीचा पहिला ए काढला आणि हात थांबला. का थांबला ते तेव्हा कळलं नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि तिथे जमीनच असावी, तसं छातीत झालं. मुलं वाट बघत होती. मग घंटा झाली आणि शब्द तसाच एका अक्षराचा राहिला.

मधल्या सुट्टीत मी श्रीपत सरांना विचारलं. ते आमच्याकडे मराठी शिकवतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि डबा खाताना व्याकरणाचं काही विचारलेलं त्यांना आवडत नाही. तरी सांगितलं. त्यात काय मोठं, म्हणाले, तो कधीच आला आणि तो कधीच आला नाही, कधीचला बिचाऱ्याला स्वतःचं काहीच म्हणायचं नसतं, नाही म्हणायचं काम 'नाही' करतं, तेही सगळ्यात शेवटी. एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. मी मात्र खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि मैदानाकडे बघत मनातल्या मनात वाक्यं करत सुटले. जेवण कधीच झालं. दिवस कधीच मावळला. ती कधीच मोठी झाली. प्रत्येक वाक्याला शेवटी एक 'नाही' लावायचा आणि काढायचा. लावला की सगळं आयुष्य ओस, काढला की सगळं भरून येऊन केव्हाचं पार पडलेलं. आणि मधला शब्द तोच, त्याच चेहऱ्याने दोन्हीकडे उभा. इंग्रजीतला नेव्हर तसा नाही, त्याने नकार आधीच पोटात घातलेला आहे, तो चौकटीत शिरला की क्रियापद यायच्या आधीच निकाल लागतो. मराठीत शेवटच्या शब्दापर्यंत माणसाला आशा करता येते. एकोणपन्नास वर्षं मी ही भाषा बोलते आहे, जन्मल्यापासून तिच्यात जेवते, भांडते, आणि हे मला दहावीतल्या एका उशिरा आलेल्या मुलीने दाखवावं. मला खरंच थक्क व्हायला झालं होतं. आणि त्या थक्क होण्याच्या तळाशी कसलीतरी भीती होती, तिला अजून नाव नव्हतं.

साडेअकराला शाळा सुटली. महाडची गाडी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. पोलादपूर मागे पडलं, हायवेच्या कडेचे ढाबे, टायरवाले, चौपदरीसाठी कापलेले तांबडे डोंगर गेले. मी अजून वाक्यंच करत होते, पण आता ती मी करत नव्हते, आपोआप येत होती, आणि एकेकाला हळूहळू आवाज यायला लागला होता. आधी अक्षदाचा. मग कुणाकुणाचा. आणि मग गाडी एका खड्ड्यातून आदळून वर आली तेव्हा आईचा आवाज आला, माझ्या पन्नाशीच्या आईचा, आताच्या ब्याऐंशीच्या नव्हे. खाली मान घालून सुकट निवडणारी आई. सांग तिला, मी कदीच माफ केलं. मी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला. शेजारच्या बाईने विचारलं, मळमळतंय का, लिंबू देऊ का. मी मान हलवली, हो का नाही ते मला आठवत नाही.

तेव्हा मी स्वतः दहावीत होते, म्हणजे ब्याण्णव साल. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. माझा दादा, बुद्धरत्न, मस्कतला एका हॉस्पिटलात लॅबमध्ये होता, आणि त्याने तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं होतं. केरळची, ख्रिश्चन, लिसी नावाची. लग्न झाल्यावर घरी फोटो आला, त्याआधी शब्द नव्हता. आईला तिच्या जातीधर्माचं काही नव्हतं, आमच्यात ते कुणी उघड बोललंही नसतं. आईचं दुखणं वेगळं होतं. बाप नसलेल्या पोराच्या लग्नात आईला कुणी साधं विचारलं नाही, बुद्धवंदनेला ती उभी नव्हती, पोराच्या अंगाला तिच्या हातची हळद लागली नाही, हे ती दासगावच्या घरात चुलीपुढे बसून भिंतीला सांगायची. आठ महिने तिने दादाचं नाव घेतलं नाही. मग एक दिवस पाकीट आलं, त्यात दोन कागद, गोल गोल इंग्रजी अक्षर. लिसीवहिनीने दादाला न सांगता लिहिलं होतं. घाई आमची झाली, चूक माझी जास्त आहे, तुम्ही मला माफ केल्याशिवाय त्या घराच्या उंबऱ्यात मी पाय ठेवणार नाही, असं काहीसं होतं. मी ते मोठ्याने वाचून एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि मला केवढा अभिमान वाटत होता, कारण मला सगळं कळत होतं. पाड्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

आईने ऐकून घेतलं. सुपातली सुकट एका हाताने पसरत, खडे आणि शेपट्या बाजूला काढत. मी म्हटलं, दादाला लिहू का, तो समजावेल तिला. आई म्हणाली, "मधी तो नको. तिनं मला लिवलं, मी तिला लिवते. तिच्या भाषेत लिव." मग तो हात थांबला आणि ती सूप बघतच म्हणाली, "सांग तिला, मी कदीच माफ केलं. घर तितंच हाय." बस, एवढंच. आई जास्त बोलणारी नव्हती, आणि ती दोन वाक्यं तिच्या मानाने पुष्कळ होती. मी निळं हवाईपत्र घेतलं, आधी कच्च्या वहीत जुळवणी केली. प्रेझेंट परफेक्ट त्याच आठवड्यात शाळेत झालं होतं, गुरुजींनी चौकट काढून दाखवली होती. मला आठवतं, ती चौकट मिळाल्याचा आनंद आठवतो, हॅज आणि फरगिव्हनच्या मधे बरोबर बसणारा एक शब्द सापडल्याचा. शब्द कुठला ते आठवत नाही. म्हणजे आठवत होतं, पण मी ते स्वतःला आठवू देत नव्हते, आणि ह्या दोन गोष्टींत काय फरक आहे हे त्या एसटीत मला नीट कळत होतं.

वहिनी कधी आली नाही. शहाण्णव साली दादा एकटा आला, मग दोन हजार सातला एकटाच. आईने पहिल्या खेपेला त्याच्या खांद्यामागे अंगणात बघितलं आणि विचारलं, ती नाय आली? दादा म्हणाला, तिचं मन नाही होत, आई. आईने बरं म्हटलं. दुसऱ्या खेपेला तिने विचारलंच नाही. दादाला मुलगी झाली, तिचं नाव त्याने दीक्षा ठेवलं, फोटो यायचे, आई ते डब्यात ठेवायची आणि डबा वर ठेवायची. पुढे ती मंडळी केरळात, कोट्टायमला परतली. एकोणीस साली ऑगस्टात दादा हार्टने गेला, पावसाने गाड्या रद्द होत्या, आमच्यातलं कुणी पोचू शकलं नाही. म्हणजे सत्तावीस वर्षांचा संसार झाला आणि माझी वहिनी दासगावला एकदाही आली नाही. आम्ही सगळ्यांनी तिला मानी ठरवून टाकलं होतं. मी तर वर्गात गर्विष्ठ शब्दाचा अर्थ सांगताना तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचे, फोटोतला, कारण दुसरा पाहिलेला नव्हता.

महाडच्या स्टँडवर उतरले. घरी सुहास, म्हणजे माझा नवरा, जेवायला थांबला असणार, त्याला फोन करून सांगितलं की वेळ लागेल, तू जेव. का, ते सांगितलं नाही. पाय आपोआप चवदार तळ्याकडे वळले. लहानपणापासून काही अवघड झालं की मी तिथे जाऊन बसते, परीक्षेचा निकाल घ्यायला जायच्या आधीसुद्धा बसले होते. दुपार होती, कठड्याच्या सावलीत दोन म्हातारी माणसं सोडली तर कुणी नव्हतं. पाणी शांत होतं. मी फोन काढला आणि मग बराच वेळ नुसता हातात धरून बसले. कच्ची वही असती तर बघता आलं असतं, पण ती एकवीसच्या पुरात गेली, बाबांच्या पुस्तकांबरोबर. आता त्या शब्दाचा जगात एकच पुरावा असू शकत होता, तोही तिने जपला असेल तर, आणि जपला कशाला असेल. एक विचार असाही आला की विचारूच नये. दादा गेला. आई थकली. वहिनी तिकडे तिच्या घरी आहे. चूक माझी असेल तर ती कळून आता कुणाचं भलं होणार आहे. हा विचार अगदी समंजस आवाजात आला, आणि म्हणूनच मला त्याची किळस आली. दासगावच्या घरात आई दर संध्याकाळी अंगणाकडे तोंड करून बसते आणि तिला वाटतं, मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. ते जर माझ्यामुळे असेल, तर तिला ते न कळता जाऊ देणं हे त्या पत्रापेक्षा वाईट होतं. मी नंबर लावला.

वहिनीने लगेच उचलला. दादा गेला तेव्हाचा एक फोन सोडला तर आमचं बोलणं सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे कधी गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिने आधी घाबरून आईची तब्येत विचारली. हे माझ्या लक्षात राहिलं, की पहिल्यांदा तिने आईचंच विचारलं. आम्ही इंग्रजीत बोलत होतो, तिचं तिकडच्या हेलाचं, माझं शाळेचं. मी सांगितलं, आई बरी आहे, मला एक जुनी गोष्ट विचारायची आहे. ब्याण्णव साली मी एक पत्र लिहिलं होतं, आईने सांगितलेलं, ते तुझ्याकडे आहे का. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, आहे, पण काढून बघायची गरज नाही, दोनच वाक्यं आहेत. आणि तिने ती म्हटली. प्रार्थना म्हणावी तशी सरळ, न अडखळता म्हटली. "माय मदर हॅज नेव्हर फरगिव्हन यू. द हाऊस इज देअर ओन्ली."

दुसरं वाक्यसुद्धा. घर तिथंच आहे, ये, असं आईला म्हणायचं होतं, आणि मी दहावीच्या अकलेने केलेलं ते भाषांतर पहिल्या वाक्याच्या मागे उभं राहून म्हणत होतं, तुझं घर काय ते तिकडेच. कुठल्याही वैऱ्याने इतकं नेमकं लिहिलं नसतं. मी तिला सांगितलं. मराठीतला शब्द सांगितला, त्याचे दोन चेहरे सांगितले, आई काय म्हणाली होती ते तसंच्या तसं मराठीत म्हणून दाखवलं आणि मग इंग्रजीत, ह्या वेळी नीट. बोलता बोलता मी रडत होते, आणि सावलीतल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने तोंड दुसरीकडे वळवलं. कुकर बंद केल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "म्हणजे त्या वाट बघत होत्या?"

मी हो म्हटलं. मग मी तिला विचारलं, दादाला ते पत्र दाखवलं नाहीस का, त्याला मराठी येत होतं, त्याच्या लक्षात आलं असतं. ती म्हणाली, कसं दाखवणार. तो आईवर किती जीव टाकतो ते मला ठाऊक होतं, आणि संतापी किती आहे तेही. आईने बायकोला असं लिहिलेलं त्याने वाचलं असतं तर तो पुन्हा आईच्या दारात गेला नसता. म्हणून मी त्याला सांगितलं की मला यायचं मन होत नाही. तो भांडायचा. मला घमेंडी म्हणायचा. शेवटच्या वर्षापर्यंत म्हणायचा. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून सांगितलं. मी फोन कानाला लावून पाण्याकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षं एक बाई आपल्याच नवऱ्याकडून गर्विष्ठ म्हणवून घेते, का, तर जी सासू आपल्याला माफ करायला तयार नाही तिचा मुलगा तिच्यापासून तुटू नये. मी माणसांबद्दल जे काही समजून होते त्यात ह्याला ठेवायला जागाच नव्हती. मला तिच्यापुढे अगदी लहान वाटलं, लाज वाटली म्हणून लहान नव्हे, एखाद्या फार मोठ्या गोष्टीच्या पायथ्याशी अचानक येऊन उभं राहिल्यामुळे. मी सॉरी म्हटलं. मला थोडं बसायला हवं, एवढंच ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिने मला दोष दिला नाही. सोडूनही दिलं नाही.

रिक्षाने दासगावला गेले. खाडीवरून वारा येत होता. आई ओट्यावर बसली होती, पाय सोडून, अंगणाकडे तोंड करून. शनिवारी मी दुपारची येत नाही, त्यामुळे तिने मला पाहताच विचारलं, कुणाला काय झालं गो? मी तिच्या पायाशी पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. तिला इंग्रजीचा शब्द सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, आई, तू मला पत्र सांगितलं होतंस, वहिनीला, कधीच माफ केलं म्हणून. ते मी उलटं लिहिलं. आईने माझ्याकडे बघितलं. "किती उलटं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, पुरतं. तू कधी माफ केलंच नाहीस, असं. आणि मग वहिनीचं सगळं सांगितलं, दादाला न दाखवल्याचं, घमेंडी म्हणवून घेतल्याचं, सगळं. आई ऐकत होती. तिच्या हाताची बोटं पदराच्या काठावरून फिरत होती, काहीतरी निवडत असल्यासारखी. मला वाटलं ती आता मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं, मी त्यासाठीच आले होते, मला कुणीतरी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "चार वरसं वाट बघितली मी. मंग राग आला मला. बुद्धरत्न गेला तवा तिनं फोन केलेला, तू दिलास हातात, मी घेतला नाय. तू म्हनालीस, आईला बोलवत नाय. मला बोलवत होतं, उज्वला. मला बोलायचं नव्हतं तिच्याशी."

हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी आईने फोन परत सरकवलेला बघितला होता आणि ते दुःख समजले होते. म्हणजे मी लिहिलं त्या दिवशी ते वाक्य खोटं होतं, आणि मग, वर्षामागून वर्ष, कुणी त्याच्याकडे न बघता ते हळूहळू खरं होत गेलं होतं. मी मुलांना सांगते, की ह्या काळात गोष्ट मागे घडलेली असते पण तिचा हात आत्तावर असतो. सांगते आणि पुढच्या उदाहरणाकडे जाते. माझ्या लिहिण्यातला तो एक शब्द तेहेतीस वर्षं ह्या ओट्यावर येऊन बसत होता, आईशेजारी, आणि तिकडे मस्कतला, कोट्टायमला, वहिनीच्या उशाशी. एवढ्याशा शब्दाला एवढं बळ कुठून येतं, आणि तोच मी रोज सकाळी खडूने लिहून डस्टरने पुसते. मला भीती वाटली आणि भीतीपेक्षाही जास्त, एक प्रकारचा दरारा वाटला, देवळात कधी वाटला नाही तसला. मी आईचे पाय धरले. ते गार होते.

"लाव तिला," आई म्हणाली.

मी म्हटलं, थांब, तिला मराठी येत नाही, तुला इंग्रजी येत नाही, तू बोल, मी तिला सांगते. आईने माझ्या हातातून फोन घेतला, उलटा, मी तो सरळ करून दिला, नंबर लावून दिला. "मधी तू नको," ती म्हणाली आणि हाताने मला अंगणाबाहेर जायला खुणावलं. मी कुंपणापर्यंत गेले. चोवीस वर्षं इंग्रजी शिकवलेली बाई, ह्या पंचक्रोशीत जिच्याकडे लोक फॉर्म भरून घ्यायला येतात, ती कुंपणाच्या शेवग्याला टेकून उभी राहिली आणि दोन बायका, ज्यांच्यात एका वाक्याची भाषा सामाईक नव्हती, एकमेकींशी बोलत होत्या. सुरुवातीला आई नुसती हां हां करत होती. पलीकडून काहीतरी लांबलचक येत होतं, ते इंग्रजीही नसावं, कारण त्याची लय इंग्रजीची नव्हती, ती बहुतेक तिच्या आईच्या भाषेत बोलत होती, माणूस शेवटी तिथेच जातो. आई ऐकत होती आणि डोळे पुसत होती आणि मधूनच अगदी बरोबर ठिकाणी म्हणत होती, व्हय, व्हय, मला ठावं हाय. काय ठावं होतं तिला, कसं, मी सांगू शकत नाही. मी फक्त बघितलं. मग आईचा आवाज बदलला, कामाचा झाला. वीर टेशनला उतर, ती म्हणाली. सगळ्या गाड्या नाय थांबत, थांबते ती धर. भायेर रिक्षा असतात. दासगाव सांग, खाडीच्या अंगाला, सोनाबायचं घर. पोरीला आण. आता तू म्हन बघू. आणि तिने खरंच वहिनीकडून म्हणवून घेतलं. वीर. नाय नाय, परत म्हन. दासगाव. हां, आता बरोबर. तिसऱ्या खेपेला तिने मान डोलावली, आणि इतक्या खात्रीने तर मी कधी वर्गात पोरांना पास केलेलं नाही.

वाऱ्याबरोबर लांबून रेल्वेचा आवाज आला आणि गेला. रोज येतो, केरळला जाणाऱ्या गाड्यासुद्धा इथूनच जातात, आणि इतकी वर्षं तो नुसता आवाज होता. आई ओटा उतरून अंगणात आली. चेहरा रडून सुजला होता आणि तरी तो मला इतका तरुण वाटला की मी बघतच राहिले. ती येते, आई म्हणाली. मी विचारलं, कधी. ते नाय कळलं, ती म्हणाली, येते ते कळलं. मला लगेच घाई सुटली, माझ्यातली बाई जागी झाली. म्हटलं, दे फोन, मी तिला मेसेज करून विचारते, तारीख कुठली, गाडी कुठली, वीरला थांबते का ते बघायला पाहिजे, नीट सगळं लिहून पाठवते.

"तू काय लिवू नको," आई म्हणाली, आणि माझा फोन कनवटीला खोचून तांदूळ निवडायला आत गेली.